यशोधराताईंचा ड्यू

अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच मजल्यावर यशोधराताई राहतात. साठी उलटलेली, अंगणवाडीतून निवृत्त. माहेर उल्हासनगरचं, कॅम्प तीनमधलं. तिथे बुद्धविहारामागच्या खोलीत त्या आणि त्यांची मैत्रीण रंजना कॅरम खेळायच्या. समोरासमोर बसून दोघींनी भल्याभल्या जोड्या हरवलेल्या. लग्न झालं आणि बोर्ड माळ्यावर गेला. नवरा नरेंद्र केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. त्यांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मेथी निवडता निवडता ताईंच्या हातातून जुडी गळून पडली. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा होता आणि वाचा गेलेली. डॉक्टर म्हणाले, "शब्द पुसले गेलेले नाहीत, वाट अडलीय. एखादा आपोआप येईल."

ताई दिवसभर खिडकीशी बसून असत. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून यायचं, त्यात धूळ हळूहळू तरंगायची, आणि त्या अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहायच्या. डाव्या हाताचं बोट मधूनच चादरीवर टिचकी मारायचं. नरेंद्रभाऊंना वाटायचं, शीर उडतेय.

भेटायला येणाऱ्यांना भाऊच उत्तरं द्यायचे. एक दिवस त्यातच ताईंचा शब्द आला. "ड्यू."

भाऊंना वाटलं, दूध मागतेय. ते आनंदाने धावत जाऊन कपभर घेऊन आले. ताईंनी तोंड फिरवलं. संध्याकाळी पुन्हा "ड्यू," पुन्हा दूध. गरम नको म्हणून गार आणलं, साखर घालून पाहिली. आठवडाभर हेच चाललं.

मग रविवारी रंजनाताई शेअर रिक्षाने भेटायला आल्या. मीही तिथेच होते. त्यांनी मैत्रिणीचा हात हातात घेतला.

"यशो, डोकं दुखतं का गं अजून?"

"छे, आता बिलकुल नाही दुखत तिचं," भाऊ म्हणाले.

"ड्यू," ताई म्हणाल्या.

भाऊ लगबगीने उठून कप घेऊन आले, आणि रंजनाताईंना हसू आवरेना. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसत होतं.

"भावजी, दूध कसलं आणताय? ती तुम्हाला ड्यू लावतेय. कॅरममध्ये फाउल केला की जिंकलेली सोंगटी परत बोर्डावर ठेवायला लागते. तो ड्यू."

"मी काय फाउल केला?"

"टर्न तिचा होता ना. विचारलं मी तिला, उत्तर दिलंत तुम्ही."

भाऊ कप धरून उभेच राहिले. ताई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी सावकाश मान हलवली. भाऊंचे डोळे भरून आले. खाली बसत ते म्हणाले, "वहिनी, परत विचारा."

रंजनाताईंनी परत विचारलं. पडदा आत आला, बाहेर गेला. बऱ्याच वेळाने ताईंनी डावा हात कपाळाला लावला.

"कट."

"स्ट्रायकर सोंगटीला नुसता घासून जातो तो कट," रंजनाताई म्हणाल्या. "थोडंसं दुखतंय म्हणते."

मग माळ्यावरून बोर्ड खाली आला. भाऊंनी पुसून त्यावर पावडर टाकली, ताईंनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि डोळे मिटून घेतले. खेळायचं डाव्या हाताने. सुरुवातीला स्ट्रायकर कुठेही जायचा. पण रोज दुपारी त्या बंद दाराआडून टक टक ऐकू यायची, आणि आमचा अख्खा मजला त्या आवाजात पेंगायचा. भाऊ ताईंची ही बोली शिकत होते. समोरच्या पट्टीला आपटून परत येणारा फटका म्हणजे डबल. ते बाजाराला निघाले की ताई दारातून म्हणायच्या, "डबल." लवकर परत या. राणी घेतल्यावर लगेच आपली आणखी एक सोंगटी घेतली तरच ती आपली होते, ते कव्हर. झोपताना त्या म्हणायच्या, "कव्हर," आणि भाऊ उशाशी बसून राहायचे.

बाकीचे शब्द हळूहळू या खेळाच्या शब्दांमागून आले. पुढे ताईंनी मला त्या मुक्या दिवसांबद्दल सांगितलं, "सगळं... पांढरं होतं. गुळगुळीत. मी घसरतच होते. थांबायला... जागा नव्हती."

मे महिन्यात दोघं रंजनाताईंकडे खेळायला गेले. ताई सपाटून हरल्या आणि खुशीत निघाल्या. परतताना रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, किधर उतरना है?" प्रश्न ताईंना होता. भाऊ गप्प बसले. घराजवळचा शाळेचा नाका आला, मागेही पडला. ताईंचे ओठ हलत होते.

"शाळा," त्या अखेर म्हणाल्या. "शाळेजवळ."

"वो तो पीछे रह गया, मावशी."

"चालेल," भाऊ म्हणाले आणि दोघं तिथेच उतरले. दिवे नुकते लागत होते. ताई त्यांच्या दंडाला धरून सावकाश मागे चालू लागल्या, आणि वाटेतल्या एकेका दुकानाची पाटी मोठ्याने वाचू लागल्या. काही बरोबर, काही भलत्याच.