देवाच्या आडून माहेर

देवाकडे तोंड करून सासूला टोमणे मारता येतात, हा शोध मी एकोणिसाव्या वर्षी लावला आणि स्वतःला फार शहाणी समजले. सासूला काहीच कळत नाही असं धरून चालले, हा त्यातला मूर्खपणा. की तिला सगळं कळत होतं असं धरून चालले, हा मूर्खपणा? ते अजून माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही.

लढाईची वर्षं होती. आमचे हे फौजेत मोटार चालवायचे. मे महिन्यात रजा काढून लग्नाला आले आणि रजा संपताच गेले, ते कुठल्या देशात आहेत हे सांगायचीही त्यांना मुभा नव्हती. मी राहिले वाईला, सासूसासऱ्यांजवळ. मामंजी म्हणजे माझे सासरे, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सासूला मी आत्याबाई म्हणायची. माझं माहेर सांगलीचं. वडील तिथं मुलांना सुतारकाम शिकवत. दोन्ही घरं ख्रिस्ती, त्यामुळे प्रार्थना मला नवी नव्हती. पण सांगलीला आमच्या प्रार्थनेला वेळ होती, जागा होती, सुरुवात होती आणि शेवट होता. आमेन म्हटलं की डोळे उघडायचे आणि ताट ओढायचं.

आत्याबाईंचं तसं नव्हतं. त्या पहाटे चूल पेटवताना देवाशी बोलायला लागायच्या ते रात्री अंथरूण घालीपर्यंत बोलतच असायच्या. आवाज तोच, जो माझ्याशी बोलताना. डोळेही मिटायच्या नाहीत. पिठात हात घातलेला असताना म्हणायच्या, "आज डाळ पुरेल ना रे बाबा?" सासऱ्यांना कोणी अरेतुरे करत नाही, म्हणजे हे मला, असं समजून मी म्हणायची, "पुरेल, आत्याबाई."

"तुला नाही विचारलं."

पुढच्या खेपेला मी शहाणी झाले. त्या म्हणाल्या, "लाकडं ओली आहेत, काय करावं आता?" हे देवाला असणार, म्हणून मी मान खाली घालून भाजी चिरत बसले.

"अगं, कान आहेत का तुला? सुकी लाकडं आण की परसातली!"

आता यात माणसानं करायचं काय? मी तर त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायला लागले. वर बघून बोलल्या तर देव, खाली बघून बोलल्या तर मी. तोही नियम फार टिकला नाही, कारण मांजराशी बोलताना त्या खाली बघत.

रात्रीची प्रार्थना मात्र रीतसर. कंदील मधे, चटईवर आम्ही तिघं. मामंजी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, भाग वाचायचे, मग डोळे मिटून एकेकानं पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. मामंजींची प्रार्थना सगळ्या जगाला फिरून यायची. आमच्या साताऱ्याकडे तेव्हा गावोगाव धरपकड चालू होती, म्हणून ते जपून दोन्हीकडचं मागायचे, राज्य करणाऱ्यांना सुबुद्धी आणि तुरुंगातल्यांना आरोग्य. मग आत्याबाई. त्यांचं पहिलं मागणं नेहमी फौजेतल्या मुलासाठी. शेवटी मी.

सासऱ्यांसमोर सुनेनं अवाक्षर काढायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, असं आमच्याकडेही होतं. ख्रिस्ती झालो म्हणून पदर थोडाच सुटतो! पण प्रार्थनेत मला आवाज होता, आणि त्या आवाजाला कोणी मधे अडवू शकत नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं आणि माझी जीभ सुटली. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून दुपारी बोलणी खाल्ली, तर रात्री मी म्हणायची, "हे प्रभू, मनुष्य चुकतो, पण तू त्याला चारचौघांत बोलत नाहीस, याबद्दल तुझे आभार." आमेन सगळ्यांत मोठ्यानं आत्याबाईंचं.

आता हे त्यांना लागलं की नाही? काही कळायचं नाही. दोन दिवसांनी त्यांनी मागितलं, "देवा, आमच्या घरात दूध उतू जातं, आम्हाला जागं ठेव." आदल्याच सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलेलं. म्हणजे लागलं! मी मिटल्या डोळ्यांनी मनातल्या मनात पदर खोचला. मग पुढं किती रात्री हे चाललं. त्यांचं प्रत्येक वाक्य मी उलटून पालटून बघायची. 'आम्हाला नम्र कर' म्हणजे कोणाला? 'आमची जीभ आवर' म्हणजे कोणाची? कधी वाटायचं ही बाई साधी प्रार्थना करतेय आणि मी पापी तिच्यात टोमणे शोधतेय. कधी वाटायचं, ही माझी गुरू आहे.

अशात मला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काही सांगायची गोष्ट नाही. पण पावसाळा गेला, दिवाळीच्या पणत्या शेजारच्या घरांतून लागून विझल्या, सातवा महिना उजाडला, तरी सांगलीला धाडायचं नाव कोणी काढेना. आईजवळ जायला जीव नुसता तुटत होता. रात्री पोटात बाळ फिरलं की भीती वाटायची, मी इथंच मोकळी झाले तर? आई नसताना? आणि विचारायचं कसं? सुनेनं आपल्या तोंडानं माहेर मागायचं म्हणजे इथं सुख नाही असं सांगणं. म्हणून मी मागितलं देवाकडे. मोठ्यानं.

"हे प्रभू, मरीया गरोदर असताना तू तिला डोंगर ओलांडून तिच्या नात्यातल्या अलीशिबेच्या घरी सुखरूप नेलंस. मायेच्या माणसांकडे जाणाऱ्यांची वाट तू मोकळी करतोस."

आमेन. दुसऱ्या दिवशी भाकरी, धुणं, भांडी, आणि आत्याबाईंचं देवाशी नेहमीचं बोलणं. सांगलीचा स नाही.

संध्याकाळी दूध घालणारी बाई यायची. ओसरीवर टेकायची. घर शेजारीच, त्यामुळे तिला आमची रात्रीची प्रार्थनाही ऐकू जायची. ती एकदा मला म्हणाली, "काय गं पोरी, एवढं मोठ्यानं कुनाशी बोलत असतीस?"

"देवाशी."

"लय लांब ऱ्हातो व्हय तुमचा देव?"

"नाही, जवळच असतो."

"मग सासू भयरी हाय म्हन की!" आणि अशी हसली की मापातलं दूध सांडलं. "मागायचं तर आनकी जोरात माग बाई. असं पुटपुटून कोन देतंय?"

थट्टाच होती ती. पण मी इतकी गोंधळलेली की तोही सल्लाच वाटला. त्या रात्री मी एवढा आवाज चढवला की मामंजी दचकले आणि कंदिलाला त्यांचा गुडघा लागला.

नाताळ जवळ आला तशी मामंजींनी येशूजन्माची वचनं वाचायला घेतली. त्या रात्री आत्याबाईंनी प्रार्थना केली, ती माझ्या अजून कानात आहे. "देवा, मरीयेचे दिवस भरत आले तेव्हा तू तिला योसेफाच्या गावी नेलंस. गोठ्यात का होईना, नवऱ्याच्या गावी तिची सुटका केलीस. तुझी करणी मोठी."

योसेफाचं गाव! म्हणजे सासर! बेथलेहेम हे मरीयेचं सासर आहे हे माझ्या बापजन्मी लक्षात आलं नव्हतं. रविवारच्या शाळेत बक्षीस मिळवलेली मी, आणि एका वाक्यात आत्याबाईंनी माझ्या अलीशिबेला चीत केलं. उत्तर आलं होतं. बाळंतपण वाईलाच. देवाकडून आलं की आत्याबाईंकडून, एवढाच प्रश्न उरला. देवाकडून आलं असेल तर रडायचं कोणाकडे?

दुसऱ्या रात्री माझी पाळी आली तेव्हा मी बोललेच नाही. डोळे मिटून गप्प. माळ्यावर उंदीर पळाला. मामंजी खाकरले. मी ओठ दाबून धरले. शेवटी मामंजींनी हळूच विचारलं, "सूनबाई, आज काही मागणं नाही?"

काय झालं मला कोण जाणे. मी डोळे उघडले, देवबीव बाजूला राहिला, आणि थेट आत्याबाईंकडे बघून रडतच म्हटलं, "आत्याबाई, मला सांगलीला जायचंय. आईकडे."

आत्याबाईंनीही डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. "मग जा की," त्या म्हणाल्या, आणि मामंजींकडे वळून, "उद्याची गाडी बघा हो."

एवढंच. मी रडणं मधेच थांबवून बघत राहिले. त्यांनी उठून पेटी उघडली तर आत बाळाची दुपटी, टोपडी, जुन्या लुगड्याच्या मऊ लंगोट्या, सगळं शिवून घडी घालून ठेवलेलं. डिंकाच्या लाडवांचा डबा वेगळा. हे कधी केलं? आणि मला पाठवायचंच होतं तर बोलल्या का नाहीत? की इथंच बाळंतपण करायचं म्हणून शिवलेलं हे? मला काही उमगेना, आणि विचारायची ताकद एका वाक्यात संपलेली.

सकाळी वाठार स्टेशनला जाणाऱ्या मोटारीत मामंजी माझं गाठोडं ठेवत होते. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागची भट्टी तापेपर्यंत गाडी हलायची नाही. म्हणून आत्याबाई आणि मी खाली उभ्या, धुरानं डोळे चोळत. तेव्हा मी धीर केला.

"आत्याबाई, ते बेथलेहेमचं तुम्ही माझ्यासाठी म्हणालात ना?"

"कुठलं बेथलेहेम?" त्यांना आठवायला वेळ लागला. "अगं, नाताळचं वाचन होतं ते. तुझ्या मामंजींनी वाचलं तेच मी म्हटलं."

"आणि उतू जाणाऱ्या दुधाचं?"

"ते मात्र तुझंच होतं."

भट्टी धगधगायला लागली, चालकानं हाक दिली. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून विचारलं, "मग मी इतके दिवस सांगली सांगली करत होते, ते तुम्हाला कळलं नाही?"

आत्याबाईंनी माझा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "न कळायला काय झालं? पण तू देवाला विचारत होतीस, मला कुठं विचारलंस? दोघं बोलत असताना मधे तोंड घालू नये, एवढं वळण आहे मला."