तीन थापांची बुडी

तलावात उतरायच्या आधी ती तळहातानं पाण्यावर तीन थापा मारायची. मग जरा थांबायची. मगच लुगडं खोचून आत शिरायची.

"बुडे, मासे पळतीन ना व!" पाळीवरून कोणीतरी ओरडायचं.

"पळू दे. कोनाच्याई घरात सांगून जा लागते."

बुडी म्हणजे आमच्याकडे म्हातारी. नाव होतं तिला, पण गावानं कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची बाई. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. आमचं गाव नागपूरच्या पूर्वेला, करडीच्या बाजूचं. तलावाच्या पाळीवर तिची झोपडी आणि पाळीखाली माझ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. दिवसभर ती तुटकी जाळी सांधत बसायची. टवाळ पोरं म्हणायची, "बुडी लय थापा मारते." तीही हसायची. दात नव्हते, त्यामुळे सगळं तोंडच हसायचं.

मी चौथी शिकलेला माणूस. सजवून सांगणं मला जमत नाही. जे झालं ते लिहितो.

मला पोरगी उशिरा झाली, चाळिशी उलटल्यावर. आणीबाणी लागली त्या साली ती सहा वर्षांची होती. अंगावर पाणी ओतलं की ती विस्तव पडल्यासारखी किंचाळायची. नवा झगा घातला की ओरबाडून फेकायची. मिरचीची फोडणी पडली की भिंतीवर डोकं आपटायची. फणी लावायची म्हणजे तिघांनी धरायचं. बोलायची जेमतेम. धानाची पोती रचली की मात्र दोन पोत्यांच्या मधे घुसून तासन् तास गप पडून राहायची.

लोक म्हणाले, बाहेरचं आहे. भगताकडे नेलं. त्यानं डफ वाजवला, धूर केला, पोरगी निळी पडली. मग शहरात एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "हिला नागपूरला वेड्यांच्या दवाखान्यात टाका. तुमच्यानं होणार नाही." शाळेत बसवली तर घंटा वाजताच बाकाखाली. दुसऱ्या दिवशी मास्तरनं हात जोडले.

मीही मारलं तिला. खोटं कशाला लिहू.

एक दिवस बायको तिची वेणी घालत होती. पोरगी हातातून सुटली आणि पाळीकडे पळाली. मी बैलाची काठी घेऊन मागे. बुडीचं फेकजाळं पाळीवर ओलं पडलं होतं, काठाला शिशाचे मणी ओवलेलं, चांगलं जड. पोरगी त्याच्याखाली शिरली आणि गप झाली. एकदम गप.

मी हात घालणार, तर बुडी ओरडली, "थांब गा! आधी सांग, मंग हात लाव."

ती पोरीजवळ बसली. जमिनीवर तीन थापा मारल्या. पोरीनं डोळे उघडले.

"बाई, जाळं काढू का?"

पोरीनं मान हलवली. नाही.

"नाई म्हन्ते," बुडी मला म्हणाली. "राहू दे. तुले घाई हाये का?"

सहा वर्षांत तिला काही विचारलं असेल असं मला आठवेना. आणि तिनं उत्तर दिलं होतं.

नागपूरला न्यायचं गाठोडं माझ्या घरी बांधून तयार होतं. बुडीला कळलं, तशी ती अंगणात येऊन उभी राहिली. आमच्या घरात ती कधी शिरत नसे, आणि आम्हीही कधी तिला आत ये म्हटलं नाही.

"भाऊ, एक पावसाळा दे मले. नाईच जमलं तर ने तुह्या नागपूरले."

"तुले काय समजते त्यातलं?"

"काईच नाई. डाक्तरले तरी कुठं समजलं?"

दिला पावसाळा. तिनं माझ्या बायकोला शिकवलं. झगा उलटा घाल, शिवण बाहेर ठेव. पाणी ओतू नको, ओला फडका दाबून फिरव. फोडणी टाकायच्या आधी तिला पाळीवर पाठव. आणि काहीही करायच्या आधी तीन थापा मार, विचार, मान हलायची वाट पाहा. तिनं एक जुनं जाळं पोरीला देऊन टाकलं. किरकिर सुरू झाली की ते दुमडून अंगावर घालायचं.

गाव हसलं. पोरीला 'उलट्या झग्याची' म्हणू लागलं. मला लाज वाटायची, पण घरातलं किंचाळणं कमी झालं होतं. पावसाळा सरता सरता पोरगी बुडीशेजारी बसून जाळ्याच्या गाठी मारायला लागली. बोटं अशी चालायची की बुडी म्हणे, "माह्या गाठी सुटतीन, हिच्या नाई सुटाच्या." गाठोडं मी सोडलं.

बुडी एकदा शाळेतही जाऊन आली. "मास्तर, पोरीले परत बसू द्या. घंटी वाजवाच्या आधी तिले सांगत जा ना जी." मास्तर हसला. बुडी परत आली आणि दिवसभर जाळ्याच्या गाठी कचकचून ओढत बसली. तेवढी एकच वेळ मी तिला रागावलेली पाहिली.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. गावात पहिला टीव्ही आला त्या साली बुडी सकाळी झोपडीत मेलेली सापडली.

तिच्या नातलगांनी तिरडी बांधली. गाव जमलं. पोरगी गर्दीतून आली, बुडीजवळ बसली. जमिनीवर तीन थापा मारल्या आणि वाट पाहू लागली.

बुडीची मान कुठून हलणार? पोरगी थांबून राहिली. पुन्हा तीन थापा मारल्या. मागून कोणीतरी हसलं. मग ती उठली, घरून आपलं जाळं घेऊन आली आणि बुडीच्या अंगावर गळ्यापासून पायापर्यंत घातलं. मणी चारी बाजूंनी नीट खोचले. बुडीच्या अंगाला स्वतःचा हात लागू दिला नाही.

"जाळं काढा भाऊ," बुडीचा पुतण्या म्हणाला. "तिरडी उचलाची हाये."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बायको हळूच म्हणाली, "आधी सांगा जी तिले."

मी ऐकलं. ऐकूनही पोरीचं मनगट धरलं, ओढून बाजूला केलं आणि जाळं काढलं. लोक पाहत होते म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. वाकून एक थाप मारायला कितीसा वेळ लागला असता?

ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.

त्या दिवसापासून तिची मान फक्त आईसाठी हलायची. आईनं थापा मारल्या की हो, मी मारल्या की काहीच नाही. बायको म्हणायची, "थांबा. बुडीनं पावसाळा मागितला होता, तुमी दोन द्या." दोन झाले. यंदा माघात बायको गेली. तिला न्यायच्या आधी मी पोरीसमोर बसलो, तीन थापा मारल्या, सांगितलं. तिनं ऐकलं असावं. मान हलली नाही.

आता घरात आम्ही दोघंच. ती झगा उलटा घालते, स्वतःच ओल्या फडक्यानं अंग पुसते, जाळं पांघरून गाठी मारत बसते. केसांना माघापासून फणी लागलेली नाही. जटा झाल्या आहेत. शेजारच्या बाया कापून टाका म्हणतात. धरावं लागेल, म्हणतात.

मी धरत नाही. रोज सकाळी तिच्यासमोर बसतो, जमिनीवर तीन थापा मारतो.

"बाई, फनी लावू का?"

ती माझ्या हाताकडे पाहते. मी वाट पाहतो. उन्हं अंगणात येतात. मग फणी उंबऱ्यावर ठेवून बांधीत जातो.

संध्याकाळी येतो तेव्हा फणी तिथंच असते.