बोर्ड जागा होताना

माझा स्वभाव तापट आहे हे मी वेगळं सांगायला नको, आमच्या आत्तीनं ते सगळ्या कुंभारवाडा गावाला आधीच सांगून ठेवलंय. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शहरातली नोकरी घरून करायची परवानगी मिळाली तशी मी बोर्ड, तारा, मीटर असा सगळा पसारा घेऊन गावी परतले. इंजिनिअर झालेली पोर जंगलात येऊन काय दिवे लावणार, असं बरेच जण बोलले. ‘दिवेच लावंल की, करंट तरी कुठं आसतंय हितं,’ असं आत्तीनं त्यांना ऐकवलं. तेव्हापासून मी तिची जरा जास्तच मिंधी आहे.

खाली रस्त्याकडेला आत्तीची भात कांडायची गिरण आहे. एक मोटर, तिच्यावरून पट्टा, आणि पट्ट्यावर फिरणारं लोखंडी यंत्र. त्याला सगळे हलर म्हणतात. आमच्याकडं वीज येते तीही कमीजास्त दाबाची. त्या दाबानं मोटर जळायची, मग आतल्या तारा नव्यानं बांधून आणायला ती लोंढा गावी न्यायची, आणि तोवर लोकांची पोती गिरणीत पडून राहायची. हे बघून माझं डोकं फिरलं आणि मी मोटर सांभाळणारा एक बोर्ड बनवायला घेतला. दाब उतरला की मोटर आपोआप बंद. पुन्हा सुरू करायची तर बोर्डावरचं बटण दाबायचं. माझ्याकडं कामातून उरलेला एक भारी बोर्ड होता, तोच वापरला. एवढ्याशा कामाला तो म्हणजे डोंबाऱ्याच्या खेळाला पोलीस बंदोबस्त, पण होता तो वापरला.

आत्तीच्या मुलाला, म्हणजे दादाला, हे अजिबात पसंत नव्हतं. तो टेम्पो चालवतो आणि स्वतःच्या हातानं उघडता येत नाही अशा कुठल्याच यंत्रावर त्याचा विश्वास नाही. ‘गिरणीत खेळणी नकोत,’ म्हणाला. आत्ती म्हणाली, ‘गिरण माझी हाय. ती बसवणार.’ मग तो मला म्हणाला, ‘बसव. पर कायबी बिघडलं तर दुसऱ्या दिवशी ओढ्यात टाकतो.’ मी तावातावानं मोटर सुरू करायचा जुना स्टार्टर भिंतीवरून उतरवला आणि माझा बोर्ड चढवला.

इथं आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. करंट जाणं म्हणजे आमच्या गिरणीवाल्यांना सुट्टी नव्हे, ती सफाईची वेळ. करंट असताना गिऱ्हाईक थांबलेलं असतं, तेव्हा यंत्र कोण बंद करणार? म्हणून दिवा गेला की हलरखालची जाळी काढायची आणि आत अडकलेली कणी, कोंडा हातानं ओढून काढायचा. मेन स्विच कोणी बंद करत नाही. करंटच नाही तर बंद काय करायचं, असा सरळ हिशेब. जुन्या स्टार्टरच्या जोरावर हा हिशेब पिढीभर खरा ठरला होता, कारण करंट परत आला तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय तो मोटर सुरू करत नसे. माझा बोर्डही तसाच वागेल, अशी माझी खात्री होती.

सुगीचे दिवस होते. वीज गेलेली, मी माळावरच्या आमच्या घरी बॅटरीवर काम करत होते. बाजारकुणंग गावाच्या बाजूच्या एका गिरणीवाल्यानं आत्तीचा बोर्ड पाहून तसाच मागितला होता, तो जोडत होते. आत्तीचा बोर्ड तपासताना मी मोटरच्या जागी एक छोटा दिवा लावला होता. या वेळी खरा रिले लावला. रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज सोडणारा खटका. बोर्ड चालू केला. हिरवा दिवा लागला. आणि माझा प्रोग्राम सुरू व्हायच्या कितीतरी आधी रिले वाजला, टक. सुपातले दाणे एकदोनदा पाखडावेत एवढा वेळ तो तसाच चालू राहिला, मग पुन्हा टक करून बंद झाला.

मी एक शिवी हासडली आणि पुन्हा चालू केला. पुन्हा टक.

बोर्डाचा मेंदू म्हणजे त्यावरची चिप; तिच्या पोटात कामं भरपूर असतात आणि बाहेर काढलेले पाय, म्हणजे पिना, कमी, म्हणून एकेका पायाला चार-पाच कामं येत असतात. आमच्या वाडीत एकच माणूस पोस्टाची पिशवी आणतो, लग्नात सनई वाजवतो आणि पंचायतीचं पाणी सोडतो. या घडीला त्यानं कोण व्हायचं हे कुणीतरी त्याला सांगावं लागतं. बोर्ड जागा होतो तेव्हा हे सांगायचं काम बूटलोडरचं. मुख्य प्रोग्राम उठायच्या आधी धावणारा तो छोटा प्रोग्राम. कुठल्या पायानं कुठलं काम धरायचं याचा तक्ता त्याच्यात असतो. मी माझ्या मुख्य प्रोग्राममध्ये रिलेचा पाय व्यवस्थित बांधला होता: साधा पाय, खाली म्हणजे दाब नसलेला, बंद. बूटलोडरचा तक्ता मात्र नमुन्याच्या बोर्डावरून जसाच्या तसा उचलला होता.

तो तक्ता उघडला. रिलेचा पाय तिथं दुसऱ्या बोर्डाशी बोलायची तार म्हणून लिहिलेला होता. आणि बोलायची तार गप्प असते तेव्हा तिच्यावर दाब चढलेला असतो, सगळ्या जगात तशीच रीत आहे. म्हणजे मुख्य प्रोग्राम उठून त्याचा कान धरेपर्यंत तो पाय वर चढून बसत होता, आणि रिले ते इमानानं ऐकत होता. छोटा दिवा लावून तपासलं तेव्हा तो सुरुवातीला लुकलुकला होता. सगळेच बोर्ड उठताना लुकलुकतात, म्हणून मी पुढं गेले होते.

एवढं कळल्यावर मला आधी रागच आला. मग घरातला बंद पंखा दिसला. करंट गेलेला होता. खाली गिरणीत या क्षणी सफाई चालू असणार. आणि करंट आला की मोटर फिरणार.

फोन उचलला तर रेंज नाही. टॉवर वीज गेल्यावर थोडा वेळ तग धरतो आणि मग मान टाकतो. मी पायात चप्पल घातली की नाही ते आठवत नाही. अंगणातून खाली पळत सुटले. सुपारीच्या बागेतून जवळची वाट आहे, पण ती पाटाच्या पाण्यानं निसरडी झालेली, तिथं एकदा सपाटून पडले. उठले. साकवावर समोरून एक म्हातारा बैल घेऊन येत होता. त्यानं सवयीनं विचारलं, ‘कुठं चाललीस गं बाय, जेवलीस काय?’ बैल अर्ध्या साकवावर. मी बाजूनं पाण्यातच उतरले. म्हातारा मागून काहीतरी बोलत राहिला. माझं सगळं लक्ष दूरवरच्या विजेच्या तारांकडं होतं, जणू त्यांच्याकडं बघून करंट आला की नाही ते कळणार होतं.

गिरणीत अंधार आणि कोंड्याचा वास. दारात दोन गिऱ्हाइकं बिडी ओढत बसलेली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, लांब कोपऱ्यात पोती शिवत होती. आत्ती हलरखाली गुडघ्यावर बसली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत आत होता.

‘आत्ती, हात काढ.’

‘थांब गं. कणी घट्ट बसलीया.’

‘आधी हात काढ, मग बोल.’

‘तुझं काय मधीच? आलीच बघ सुटून,’ ती म्हणाली आणि खांदा आणखी आत लोटला.

तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. मी मेन स्विचकडं वळले. मेन स्विच मागच्या भिंतीवर, आणि भिंतीसमोर छातीपर्यंत भाताची पोती रचलेली. सुगीत जागा मिळेल तिथं पोतं ठेवतात, स्विचपर्यंत जायला वाट ठेवावी असं कुणाच्या डोक्यात येत नाही. मी पोत्यांवर चढले. एक पोतं पायाखालून घसरलं, गिऱ्हाईक ‘अगं, माझं भात’ म्हणालं. स्विचची दांडी गंजलेली. एका हातानं हलेना. दोन्ही हातांनी धरून, अंगाचा सगळा भार टाकून मी तिला लोंबकळले. ती खाली आली.

मी पोत्यांवर तशीच पालथी पडून धापा टाकत होते. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या हॉटेलात मिक्सर घरघरायला लागला आणि तिथल्या पोऱ्यांचा गलका आला. करंट आला होता. मी मान वळवून बघितलं. आत्तीचा हात अजून आतच होता. हलर गप्प होतं.

मग तिनं मूठभर कणी बाहेर काढली, पदराला हात पुसला आणि म्हणाली, ‘झालं बघ. उगंच बोंबलत हुतीस.’

मी खाली उतरले आणि रडायला लागले. रडता रडता तिच्यावर ओरडलेही. माझ्या बोर्डात चूक आहे, करंट आला की मोटर आपोआप फिरते, तुझा हात आज गेला असता, असं सगळं भडाभडा सांगितलं. गिऱ्हाइकांनी बिड्या विझवल्या. आत्ती शांतपणे जाळी बसवत राहिली.

‘ठाव हाय मला,’ ती म्हणाली.

‘काय ठाव हाय?’

‘करंट आलं की हिसका देतंय ते. पयल्या दिवसापासनं देतंय. आधी हिरवा दिवा लागतोय, मग फिरतंय. दिवा लागला की मी हात काढतो.’ आमच्याकडच्या बायका स्वतःला ‘मी काढतो, मी जातो’ असंच म्हणतात.

दिवा लागणं आणि पाय वर चढणं यांच्यात किती वेळ जातो हे मला माहीत होतं. पापणी लवते ना, त्यात बसेल. आणि ती बसली होती तिथून बोर्ड दिसतो का म्हणून मी वाकून बघितलं, तर मध्ये कुणाचं तरी पोतं उभं होतं.

‘मग सांगितलं का न्हाईस मला?’ मी एवढ्या जोरात विचारलं की हॉटेलातले लोक रस्त्यावर आले.

‘सांगून काय? तुझ्या दादानं आल्या पावली काढून ओढ्यात टाकला आसता. आणि तू परत पेटी बांधून शहरात गेली आसतीस.’

कोपऱ्यातून वहिनी बोलली. ती सहसा बोलत नाही. ‘वन्सं, आधी सफाई मीच करत हुतो. तुमचा बोर्ड बसला तशी आत्तींनी मला हलरजवळ येऊ दिलं न्हाई. मला वाटलं, माझं काय चुकलं.’ वहिनीची सासू म्हणजे आत्ती, आणि ती सासूला आत्तीच म्हणते.

‘तिला ल्हान लेकरं हायत,’ आत्ती माझ्याकडं न बघता म्हणाली. ‘माझं काय, झालंय आता कांडून.’

मी बोर्ड भिंतीवरून उतरवला, पदराखाली नव्हे, सगळ्यांच्या देखत हातात धरून, आणि दादाचा टेम्पो येईपर्यंत गिरणीच्या दारात बसून राहिले. तो आल्यावर माझ्या तोंडूनच त्याला सांगितलं. आईचा हात कुठं होता तेही सांगितलं. त्यानं बोर्डाकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि आत गेला. मला वाटलं, आता ओढ्याचं दर्शन. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात जुना स्टार्टर होता, पुसून ठेवलेला. ‘टाकला न्हवता,’ म्हणाला. ‘आता ही दोन्ही जोड.’

तसंच केलं. बूटलोडरच्या तक्त्यात रिलेचा पाय साधा करून टाकला आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्याच ओळीत त्याला खाली बसवला. बूटलोडरही जागा नसतो त्या क्षणासाठी त्या पायाला एक छोटा रेझिस्टर सोल्डर केला, म्हणजे कुणी सांगायला नसलं तरी तो खालीच राहील. आणि बोर्डाच्या पुढं जुना स्टार्टर, हिरव्या बटणासकट. मग दादा, मी आणि आत्ती मेन स्विच चालू-बंद करत बसलो. मोटर हलली नाही. दादा कंटाळून जेवायला गेला तरी मी करत राहिले. आत्ती म्हणाली, ‘पुरे आता, दांडी मोडंल.’

पुढं करंट गेला तेव्हा मी गिरणीतच होते. भिंतीसमोरची पोती हलवून वाट केलेली होती. आत्ती पोत्यावर पान लावत बसली होती. तिनं वहिनीला हाक मारली आणि म्हणाली, ‘जा, तू कर गं सफाई.’

वहिनीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मेन स्विचची दांडी खाली ओढली आणि तिचा हात बाहेर येईपर्यंत ती सोडली नाही.