सोड, आलं, बंद

माझा थोरला भाऊ लोकांच्या अंगणातल्या हिरवळीला पाणी पाजतो. बादली घेऊन नव्हे. जमिनीखालून पाइप नेतो आणि त्यांवर फवारे बसवतो. हे फवारे एरवी गवतात दडी मारून बसलेले असतात. पाणी सोडलं की बोटभर वर येतात, गरगर फिरतात आणि काम झालं की निमूट खाली जातात. "माणसांनी यांच्याकडून शिकावं," असं तो म्हणतो. स्वतः मात्र काही शिकलेला नाही.

नवीन काम मिळालं की पहिला अर्धा दिवस तो नुसता कुंपणाला टेकून उभा राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा आळशी दिसतोय. तो पाहत असतो, ऊन कुठे रेंगाळतं, उतार कुणीकडे आहे, घरचं कुत्रं कुठे अंग टाकतं. कुत्र्यानं निवडलेली जागा थंड असते, तिथे पाणी कमी लागतं. मग सपाट फावड्यानं गवताच्या पट्ट्या कापतो, चटईसारख्या गुंडाळून कडेला ठेवतो, खाली चर खणून पाइप टाकतो आणि चटया परत अंथरतो. थोड्या दिवसांनी सांधा शोधूनही सापडत नाही. त्याचा नियम एकच, एका फवाऱ्याचं पाणी शेजारच्या फवाऱ्याच्या पायाशी पोचलं पाहिजे. नाहीतर मधे टक्कल पडतं. त्याचं स्वतःचं टक्कल हा आमच्या घरातला जुना विनोद आहे, तो इथे करत नाही.

बसवणं सोपं, सांभाळणं कठीण. बारीक रेती भोकांत जाऊन बसते, गवत कापायचं यंत्र फवाऱ्यांची मुंडकी उडवतं, झाडाची मुळं पाइपाला मिठी मारतात. थोरला एका जुन्या दात घासायच्या ब्रशानं एकेक फवारा आणि त्याच्या आतली रेती अडवणारी जाळी साफ करतो. स्वतःचे दात तो इतकं मन लावून कधीच घासत नाही.

धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली कामाला. मी मधली. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले आणि फोन घेणं, सामान आणणं, गिऱ्हाइकांना तारखा देणं माझ्या गळ्यात पडलं. लग्न या दोघांनी केलंच नाही. ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर आणखी दोन बायका माझ्यासारख्या निरोप पोचवत बसल्या असत्या.

हे काम एकट्यादुकट्याचं नाही. एकजण व्हॉल्व्हच्या पेटीपाशी बसतो, दुसरा हिरवळीच्या पार टोकाला उभा राहतो. टोकाचा ओरडतो, "सोड!" पेटीवाला व्हॉल्व्ह उघडतो. फवारे वर आले की टोकाचा ओरडतो, "आलं!" सगळं नीट पाहून झालं की, "बंद!" आमच्या थोरल्या-धाकट्यांमधे गेली काही वर्षं एवढेच तीन शब्द उरले होते. तेही एकाच बाजूनं.

कारण सांगते. एका वकिलांच्या बंगल्यावर शेवटचे फवारे वर येईनात. फवारे बसवण्याआधी पाइप पाण्यानं धुऊन काढायचे असतात, ते धाकट्याचं काम. थोरला वकिलांसमोरच त्याला म्हणाला, "धुतलेच नाहीस तू. चिखल अडकलाय."

"दादा, धुतले होते रे."

"उकर सगळं."

धाकट्यानं भर उन्हात अख्खी ओळ उकरली. शेवटच्या वळणाशी पाइपात चिंधी निघाली, निळ्या रेघांची. काम चालू असताना पाइपाच्या उघड्या तोंडात माती जाऊ नये म्हणून थोरला चिंधीचा बोळा कोंबतो आणि जोडायच्या वेळी काढतो. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. चिंधी त्याच्याच जुन्या सदऱ्याची होती, मी स्वतः फाडून दिलेली. वकील खो खो हसले. थोरल्यानं चिंधीकडे पाहिलं, ती बाजूला टाकली आणि म्हणाला, "चला, पाणी आलं."

झालं. धाकट्याला एक वाक्य हवं होतं, ते काही आलं नाही. आणि थोरला तर असा, की सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. धाकट्यानं अबोला धरला. याचं तोंड पाहणार नाही म्हणाला, आणि ते त्यानं अक्षरशः पाळलं. थोरल्यानंही मग तसंच केलं. एक पेटीपाशी पाठ करून, दुसरा टोकाला, फवारे पाहण्यापुरता वळून परत पाठ करून. घरात जेवताना एक भिंतीकडे बघणार, एक खिडकीकडे. मधे मी. "ताई, त्याला सांग, उद्या लवकर निघायचंय." भाऊ हातभर अंतरावर बसलेला असायचा आणि मी त्याला तेच परत सांगायचे, तेही ओरडून, कारण तोवर माझं डोकं फिरलेलं असायचं.

गेल्या काही महिन्यांत कामावर नवंच सुरू झालं. धाकटा "बंद" म्हणून ओरडायचा आणि पाणी चालूच राहायचं. कुणाची कोवळी रोपं वाहून गेली, कुणाच्या बैठकीत पाणी शिरलं. शिव्या धाकट्यानं खाल्ल्या, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तोच उभा असायचा. घरी येऊन तो माझ्यावर आग पाखडायचा. "मुद्दाम करतो! चारचौघांत माझी फजिती व्हावी म्हणून. घसा फुटेस्तोवर ओरडतो मी, हा ढिम्म हलत नाही." मलाही ते पटलं होतं. आपला भाऊ असं वागू शकतो हे मानायला मला मुळीच जड गेलं नाही. याची आता लाज वाटते.

शेवटी धाकट्यानं परगावी नोकरी धरली. खेळाची मैदानं राखणारी कुठलीशी कंपनी. "याच्यासोबत आता एक दिवस काढायचा नाही. दातांच्या डॉक्टरणीचं काम तेवढं संपवतो आणि जातो. सांग त्याला."

मी सांगायला गेले. थोरला मागच्या नळाशी पाठमोरा बसून जाळ्या घासत होता. नळ धो धो चालू होता. मी म्हणाले, "धाकटा चाललाय. कायमचा. नोकरी लागलीये त्याला." तो घासत राहिला. मान वळली नाही, हात थांबला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दगड आहेस दगड," म्हणाले आणि आत आले. पालथ्या घड्यावर पाणी. धाकट्याला सांगितलं, "सांगितलं. काही बोलला नाही." धाकटा हसला. तसलं हसणं मला आवडत नाही. मग त्यानं बॅग भरायला घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरणीकडे शेवटची तपासणी होती. दोघं नव्या फवाऱ्यांची पिशवी घरीच विसरून गेले, म्हणून मला जावं लागलं. धाकटा पार टोकाला, कुंपणाकडे तोंड करून उभा. थोरला पेटीपाशी उकिडवा, भिंतीकडे तोंड करून. मी पिशवी थोरल्याशेजारी ठेवली आणि तिथेच थांबले. त्यानं व्हॉल्व्ह आधीच उघडला होता. डावा तळहात पाइपावर होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

"बंद!" टोकाकडून आवाज आला. मला स्वच्छ ऐकू आला. शेजारच्या घरातल्या माणसांनाही आला असेल.

थोरला हलला नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, गालातल्या गालात हसत असेल. तो हसत नव्हता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि श्वास रोखून तो वाट पाहत होता.

"बंऽद!" धाकट्याचा आवाज चिरकला.

थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काही म्हणाला का तो?"

मी तिथेच खाली बसले, ओल्या मातीत. मला एकदम नळ आठवला, जाळ्या आठवल्या, त्याची पाठ आठवली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, "कधीपासून?"

"झाले काही महिने." मग म्हणाला, "पाइपाला हात लावला की कळतं गं. फवारे वर येईपर्यंत पाइप थरथरतो, मग शांत होतो. 'सोड' अंदाजानं धरतो. 'आलं' मला हाताला कळतं. 'बंद' नाही कळत."

"मग सांगायचं होतंस! मागे वळून बघायचं होतंस त्याच्याकडे!"

"तो बघतो का माझ्याकडे?" थोरला म्हणाला. "आणि सांगू तरी काय? म्हणेल, आता कान गेले तेव्हा भाऊ आठवला."

"तो जातोय," मी ओरडले. "उद्या! नोकरी लागलीये त्याला, परगावी. कायमचा जातोय."

या वेळी त्याला ऐकू आलं. "जातोय?" म्हणाला. "मला कुणी सांगितलं नाही." त्याचा चेहरा पाहून मला रडू आलं. सांगितलं होतं रे, मी मनात म्हणाले, तुझ्या पाठीला सांगितलं होतं.

तो उठला. गुडघे कटकन वाजले. पाणी तसंच चालू, फवारे तसेच फिरताहेत. आणि त्यानं हिरवळीकडे तोंड केलं. समोर धाकट्याची पाठ. थोरल्यानं हाक मारली नाही. एकदम ओरडला. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. डॉक्टरणीच्या घराची खिडकी खाडकन उघडली.

"चूक माझी होती! ती चिंधी माझी होती! वकिलासमोर सांगायला हवं होतं मी, नाही सांगितलं!"

धाकटा वळला. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांना समोरासमोर पाहत होते, मधे पाण्याचे दहा-बारा गोल फिरत होते. मी धावत अर्ध्या वाटेवर गेले आणि सांगितलं, "त्याला ऐकू येत नाही. महिने झाले. तुझं 'बंद' त्यानं ऐकलेलंच नाही. तू जातोयस हेसुद्धा त्याला आत्ता कळलं." धाकट्यानं एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सवयीनं, अगदी सवयीनं, त्यानं मला विचारलं, "काय म्हणाला तो?"

साऱ्या रस्त्यानं ऐकलं होतं.

"मी निरोप पोचवणं सोडलं," मी म्हणाले. "तूच जा आणि विचार."

तो गेला. फवाऱ्यांच्या मधून, आडोसा न घेता, पण एकाही मुंडक्यावर पाय पडणार नाही असा बघून. ते अंगवळणी पडलेलं असतं. थोरल्यापाशी पोचला तेव्हा नखशिखांत भिजला होता. समोर उभा राहिला. काही तरी म्हणायचं होतं त्याला, बरंच काही. त्यातला एकच शब्द तो म्हणाला, आवाज न चढवता, नुसते ओठ नीट हलवून.

थोरल्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, खाली वाकला आणि पाणी बंद केलं.

सगळे फवारे एकदम खाली गेले. डॉक्टरणीनं खिडकीतून विचारलं, "झालं का काम?" दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी हात झटकले आणि घरी निघाले.

धाकट्याची बॅग दारातच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात नव्हती, म्हणून मी फाटकापर्यंत धावले. मग मागच्या अंगणातून धाकट्याचा आवाज आला, "दादा, माझ्याकडे बघ. इकडे बघ. हां, आता सांगतो."