तूर्त इथेच

घरपट्टी गोळा करणाऱ्या माणसाला कुणी मनापासून 'या, बसा' म्हणत नाही. पट्टीवाल्यांना मात्र म्हणायचे. एक तर त्यांचा आवाज असा मऊ, की पैसे मागतायत की खुशाली विचारतायत हे पटकन कळत नसे. दुसरं म्हणजे त्यांची बायको. अर्ध्या गावाचे कपडे तिच्या मशीनखालून जायचे, आणि तिच्या नवऱ्याशी वाकडं घेतलं तर आपल्या बाह्या आखूड होतील अशी लोकांना धास्ती होती. 'पट्टीवाले' हे नाव इतकं रुळलं होतं, की नव्याने आलेला एक भाडेकरू बोट कापल्यावर त्यांच्याकडे पट्टी बांधून घ्यायला आला. त्यांनी ती बांधूनही दिली.

गावाच्या मधून कालवा जायचा. कालव्याच्या अलीकडे एक नगरपालिका, पलीकडे दुसरी. पूल ओलांडायला चार ढांगा, पण दोन्हीकडे वेगळे अध्यक्ष, वेगळं सभागृह, वेगळी मोटार, आणि चालू न होणारा वेगवेगळा आगीचा बंब. दोन घरचा पाहुणा उपाशी असं म्हणतात. इथे दोन्ही घरचे यजमान पोटभर जेवत होते आणि पाहुणा बिल भरत होता. घरपट्टी दरवर्षी वाढायची, आणि ती वाढल्याचं लोकांना सांगायचं काम पट्टीवाल्यांकडे असायचं.

पहिल्यांदा त्यांच्या बायकोनेच विचारलं, "दोन सासवा कशाला? एक पुरते की."

एवढ्या एका वाक्यावर चळवळ उभी राहिली. दोन नगरपालिकांची एक करा, घरपट्टी कमी करा. बाईंनी सह्या गोळा केल्या त्या मशीनपाशी बसूनच. माप घेताना माणूस जागचा हलू शकत नाही, अंगभर टाचण्या असतात, आणि समोर कागद येतो. कोण नाही म्हणणार? पट्टीवाल्यांची सही त्यांनी सदऱ्याच्या गळ्याचं माप घेताना घेतली. ऑफिसं एक झाली की एका ऑफिसातली माणसं जास्तीची होणार, हे पट्टीवाल्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मानेभोवती टेप असताना बोलायची त्यांची छाती झाली नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर सहीखाली तारीखही घातली.

एकत्रीकरण झालं. त्या दिवशी सभागृहात बाईंचा सत्कार झाला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे उसवत-शिवत बसलेली बाई पहिल्यांदा व्यासपीठावर उभी राहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ती आरशासमोर उगाचच दोनदा जाऊन आली. त्या वेळी पट्टीवाल्यांच्या खिशात त्यांचा आदेश घडी घालून ठेवलेला होता. पलीकडच्या ऑफिसात घरपट्टीची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तिथला माणूस आधीच बसलेला होता. म्हणून आदेशात लिहिलं होतं, की पुढील आदेश होईपर्यंत यांनी तूर्त जुन्या कार्यालयातच थांबावे.

"तुमचं काय ठरलं?" बायकोने विचारलं.

"पलीकडे," ते म्हणाले. "मोठ्या ऑफिसात घेतलंय."

तिच्या अंगावर अजून सत्काराची साडी होती. त्या साडीसमोर खरं सांगवेना. तूर्त राहू दे, दोन-चार दिवसांत सांगू, असं त्यांनी ठरवलं. हा 'तूर्त' शब्द फार लबाड आहे. घरात पाहुण्यासारखा येतो आणि पुढे रेशनकार्डावर नाव लावतो. पट्टीवाल्यांच्या घरी तो चार वर्षं राहिला.

जुन्या कार्यालयात त्यांची गरज होती ती एका लोखंडी कपाटापुरती. इमारत रिकामी करायची तर आतल्या वस्तू पलीकडे द्यायला हव्यात, आणि बाकी सगळ्या गेल्याही होत्या. कपाटाची किल्ली मात्र कधीची हरवली होती. न उघडता ते पलीकडचे घेईनात, कारण आत काय आहे ते माहीत नाही. फोडायचं तर समितीचा ठराव हवा, आणि ती समिती ज्या नगरपालिकेची, ती नगरपालिकाच आता नव्हती. तोवर कपाटाजवळ एक जबाबदार माणूस पाहिजे. आत एक मोडकी छत्री आणि तीन जुनी कॅलेंडरं आहेत हे पट्टीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण छत्री त्यांचीच होती. तसं त्यांनी सांगितलंही. तेव्हा पलीकडच्या मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की कपाट न उघडता तुम्हाला हे कसं माहीत? त्यानंतर त्यांनी छत्रीचं नाव काढलं नाही.

रोज सकाळी ते डबा घेऊन निघत. डब्याची पिशवी बायकोने उरलेल्या तुकड्यांची शिवलेली, एका बाजूने निळी, एका बाजूने चौकड्यांची. बायको वरच्या खिडकीतून पुलापर्यंत बघत राही, म्हणून ते पुलावर जात. पुलापलीकडे लाकडाच्या वखारीमागे वळत, खालच्या फळीवरून कालवा पुन्हा ओलांडत आणि मागच्या दाराने जुन्या ऑफिसात शिरत. चोर मागच्या दाराने येतो तो काहीतरी घेऊन जायला. हे येत ते बसायला.

वीज तोडलेली होती. एकेकाळी ज्या जाळीच्या खिडकीपुढे लोक रांग लावून भांडत, तिच्याजवळ थोडा उजेड यायचा, तिथे ते खुर्ची ओढून बसत. डिंकाची बाटली वाळून पिवळी झालेली. शिक्का होता, पण त्यावरचं नाव आता कशाचंच नव्हतं. ते घड्याळाला किल्ली देत, टेबल पुसत, हजेरीवर सही करत, आणि मग दिवस अंगावर यायचा. सुरुवातीला त्यांनी पुस्तकं नेली. मग लक्षात आलं, की आपण तेच पान वाचतोय. पायाशी नळ ठिबकत असायचा. तो दुरुस्त करायची विनंती त्यांनी केली नाही, कारण तेवढाच काय तो आवाज होता. कधी कधी संध्याकाळी घरी बोलायला तोंड उघडलं, की आपलाच आवाज त्यांना परका वाटायचा. आणि बायको विचारायची, "आज काम फार होतं का?"

"होतं की," ते म्हणत.

राजीनामा देऊन मोकळं व्हावं म्हणून त्यांनी एकदा चौकशी केली. राजीनाम्यावर कार्यालयप्रमुखाची सही लागते. कार्यालयच नाही तर प्रमुख कुठला? पलीकडचे साहेब म्हणाले, तुम्ही आमच्याकडे नाहीच, मी कशी सही करू? मग निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत ना, निघून जातील, असं म्हणून त्यांनी चहा मागवला. एकच मागवला.

पहिल्या वर्षी घरपट्टी थोडी उतरली. गल्लीने बाईंना डोक्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी ती होती तिथे आली, आणि चौथ्या वर्षी पूर्वीपेक्षा वर गेली. नवी इमारत झाली, पाट्या बदलल्या, दोन मोटारींच्या जागी तीन आल्या. लोक आता कपडे शिवायला आले की बाईंना टोचून बोलत. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पैसा जातो कुठे याचा शोध घ्यायला त्या कंबर कसून उभ्या राहिल्या, आणि समोरच्या औषधवालीने त्यांना बातमी आणून दिली.

"अहो, ऐकलंत का?" त्या रात्री जेवताना बाई नवऱ्याला म्हणाल्या. "त्या जुन्या ऑफिसात अजून एक माणूस बसवून ठेवलाय म्हणे. काम काडीचं नाही, पगार पुरा. आपल्या घरपट्टीतून. तुम्ही पलीकडे असता, जरा काढा ना कोण आहे तो."

बघतो, असं पट्टीवाले कसंबसं म्हणाले.

"निर्लज्जच असला पाहिजे."

"त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल, बस म्हणून."

"सांगितलं म्हणून कुणी बसतं का?" बाई म्हणाल्या. "हातपाय आहेत ना? माणूस उठून नाही जाणार?"

चार वर्षं पट्टीवाल्यांनी हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता, पण इतक्या स्पष्ट आवाजात कधी नाही.

गल्लीतल्या बायकांनी त्या माणसाला जाऊन जाब विचारायचा असं ठरवलं. दिवस ठरला, फलक रंगवले गेले. पट्टीवाल्यांनी त्या दिवशी कुठेतरी निघून जायचा बेत केला, तर मोठ्या साहेबांचा फोन आला. महिला येणार आहेत असं कळलंय. समोरचं दार उघडं ठेवा आणि जागेवर हजर राहा. जबाबदार माणूस आहे हे त्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर सगळं तुमच्यावर शेकेल. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान कुठे पडायचं ते आपण ठरवू शकतो.

आता सांगूनच टाकू म्हणून ते आदल्या संध्याकाळी बायकोजवळ जाऊन बसले. ती जमिनीवर मांडी घालून कापडी फलकाला दोरी ओवत होती. बऱ्याच महिन्यांनी तिचा चेहरा खुललेला होता.

"जरा टोक धरा," ती म्हणाली.

त्यांनी टोक धरलं. फलकावर लिहिलं होतं: 'फुकट बसणाऱ्याला बाहेर काढा.' अक्षरं सुबक होती. तिने ओढून गाठ मारली, तेव्हा त्यांनी बोटाने गाठ दाबूनही धरली. सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरचं दार उघडलं. चार वर्षांनी बिजागरी कुरकुरली आणि उजेड थेट कपाटापर्यंत आला. ते जाळीमागे बसले, आपल्या नेहमीच्या जागी. थोड्या वेळाने रस्त्यावर घोषणा ऐकू आल्या. त्यातला सगळ्यात खणखणीत आवाज ते ओळखत होते. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, का ते त्यांनाही कळलं नाही.

घोषणा पायऱ्यांपाशी थांबल्या. मी आधी बघते, तुम्ही इथेच थांबा, असं ती इतरांना सांगत होती. मग ती एकटी दारात आली.

उन्हातून आल्यामुळे तिला आधी काही दिसेना. मग तिला पिशवी दिसली. टेबलावर ठेवलेली, एका बाजूने निळी, एका बाजूने चौकड्यांची. ती पिशवीकडे बघत राहिली आणि मग हळूहळू तिची नजर वर आली. पट्टीवाले उठून उभे राहिले होते. जाळीची भोकं दोघांच्या मध्ये होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. राग की लाज की दया, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

"कोण आहे गं आत?" खालून औषधवालीने विचारलं.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "रिकामंच आहे."

त्या मागे सरल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

खाली थोडी कुजबुज झाली. मग पगार खातो कोण, असं कुणीतरी विचारलं. मग तिचा आवाज आला, पण आता तो खणखणीत नव्हता, आणि काय म्हणाली ते पट्टीवाल्यांना ऐकू आलं नाही. पावलं दूर गेली. खोलीत पुन्हा पहिल्यासारखा अंधार झाला. मागचं दार उघडंच होतं. मनात आणलं असतं तर ते तेव्हाच उठून जाऊ शकले असते. ते खुर्चीवर बसले आणि सुटायची वेळ होईपर्यंत तसेच बसून राहिले. डबा त्यांनी उघडला नाही. आपल्या बायकोने आपली अब्रू वाचवली हे त्यांना कळत होतं. पण 'कोणी नाही' हे तिच्या तोंडून ऐकताना ते किती खरं वाटलं, तेच त्यांना सारखं आठवत होतं.

संध्याकाळी ते वखारीमागून, पुलावरून, रोजच्या वाटेने घरी आले. मशीन चालू होतं. बायकोने आज काम फार होतं का असं विचारलं नाही. भरलेला डबा तिने हातात घेतला, वजन जाणवलं, आणि तो तसाच ओट्यावर ठेवला.

"रोज पुलापर्यंत जाऊन परत येत होता?" तिने विचारलं.

"हो."

"पावसाळ्यातसुद्धा?"

"खालची फळी निसरडी होते," ते म्हणाले. "जपून जातो."

ती मशीनवर वाकली. सुई कापडावर नव्हती, तरी चाक फिरत होतं.

"उद्यापासून मी खिडकीत उभी राहणार नाही," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पट्टीवाल्यांना वाटलं, चला, निदान तो पुलाचा हेलपाटा तरी सुटला. सकाळी ते पिशवी घेऊन पायऱ्या उतरले, तर समोर औषधवाली दुकान झाडत होती. रिकाम्या ऑफिसाच्या नावाने पगार निघतो म्हणजे मोठीच चोरी, असं गल्लीने रात्रीतून ठरवलं होतं. आता मोर्चा थेट पलीकडे न्यायचा, आणि पुढे चालणार कोण, तर बाईच. त्यांच्याशिवाय कोण आहे?

पट्टीवाले घुटमळले. तेवढ्यात बायको उंबऱ्यात आली. चार वर्षांत ती कधी खाली उतरून निरोप द्यायला आली नव्हती. गल्लीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात ती म्हणाली, "सांभाळून जा. पलीकडे पोचलात की फोन करा."

औषधवालीचा झाडू क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

पट्टीवाले पुलाकडे चालू लागले. वखारीमागे वळले, फळी ओलांडली, मागच्या दाराने आत शिरले आणि जाळीजवळ खुर्ची ओढली. समोरच्या दाराची कडी अजून बाहेरून तिने घातली तशीच होती. त्यांनी फोन लावला.

"पोचलो," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पलीकडून मशीनचा आवाज येत नव्हता. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.