वरातीच्या गाडीचा भाव

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची ठरली तेव्हा माझ्या नवऱ्याची एकच अट होती. भाव गाडीच्या इज्जतीला शोभेल असा आला पाहिजे. गाडी म्हणजे अकरा वर्षांची, पांढरी, सात जणांची, डिझेलवर चालणारी. तिची इज्जत काय, तर संग्रामपूर तालुक्यातले कितीतरी नवरदेव तिच्यातून मांडवात उतरले होते. आमची गाडी आमच्या दारात कमी आणि लोकांच्या मांडवासमोर जास्त उभी असायची. लग्नसराईत कुणीही यावं, "भाऊ, नवरदेवासाठी गाडी पायजे होती" म्हणावं, की आमच्या ह्यांनी खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवलीच. वर टाकीही भरून द्यायचे. भाड्याची गोष्ट काढायची नाही. "पैसा कोणीबी कमावते. माणसानं नाव कमवावं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि ते देताना मान अशी तिरपी व्हायची की समोर फोटोग्राफर उभा आहे असंच वाटावं.

मी वरवट बकालच्या शाळेत गणित शिकवते. गाडी दारात असली तरी मी शाळेत ऑटोनंच जायचे, कारण गाडीचा क्लच कडक आहे आणि तो बायकांना झेपत नाही, असं ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझ्याकडे लायसन आहे ही गोष्ट ते सोयीनं विसरायचे. मीही फार वर्षं आठवण करून दिली नाही, हा माझा मूर्खपणा.

मागच्या उन्हाळ्यात लोणारला माझी आई अंगणात पडली. जिल्ह्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ती, आणि घरात तिच्याशिवाय कुणी नाही. शेजारणीचा सकाळी फोन आला तेव्हा गाडी कुठे होती? ओळखीच्याच्या ओळखीच्या कुणा पुतण्याला घेऊन मांडवात. मी एसटीनं निघाले. शेगाव, खामगाव, मेहकर, तीन ठिकाणी बस बदलली आणि लोणारला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. तोवर शेजाऱ्यांनीच आईला दवाखान्यात नेऊन हात प्लास्टरमध्ये घालून आणला होता. मला रडू आलं नाही, संताप आला. आपल्याच गाडीत परका नवरदेव बसलाय आणि आपण मेहकरच्या स्टँडवर पिशवी धरून उभ्या आहोत, हे काही केल्या मनातून जाईना.

तेव्हाच ठरवलं, की आता लहान गाडी घ्यायची, बिनक्लचची, माझ्या नावावर. आईकडे जायचं झालं तर कुणाच्या मुहूर्ताला विचारायचं नाही. माझी सगळी बचत आणि जुन्या गाडीचे दोन लाख, एवढ्यात ती बसत होती. दोनाच्या खाली भाव आला तर मात्र माझी ऑटो आणि एसटी सुटणार नव्हती.

मग आम्ही दोघं तयारीला लागलो, आपापल्या अकलेनुसार. मी सर्व्हिसिंगची सगळी बिलं शोधून तारीखवार फाईल लावली. विमा, दुसरी चावी, दिवाळीत टाकलेल्या चार टायरांची पावती, सगळं एका जागी आणलं. शेगावच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी दाखवून एक लाख ऐंशी हजारांचा भाव चिठ्ठीवर लिहून घेतला. ह्यांनी नवे सीटकव्हर चढवले, अत्तराची बाटली डकवली आणि लिंबू-मिरची बदलली. "तीन लाखाच्या खाली बोलायचंच नाही," असं मला बजावलं. मी म्हटलं, "आधी जुन्या गाडीचा भाव, मंग नव्या गाडीची गोष्ट. आन् आपल्याले घाई आहे हे तोंडातून काढायचं नाही." त्यांनी शहाण्यासारखी मान हलवली.

खामगावच्या शोरूमच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि हे हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "नमस्कार! शनिवारचा मुहूर्त चांगला आहे, आजच पक्कं करून टाकू. मॅडमले गाडी पसंतच आहे!" समोरच्या विक्रेत्याचा चेहरा असा उजळला की मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. त्यानं लगेच चहा मागवला.

जुन्या गाड्या तपासायला त्यांच्याकडे एक पन्नाशीचे, टक्कल पडलेले गृहस्थ होते. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं जवळजवळ नाही. त्यांनी नवं सीटकव्हर दोन बोटांनी उचललं आणि खालच्या हळदीच्या डागाकडे पाहिलं. बॉनेटवर बोट फिरवलं. तिथे फुलांच्या माळा चिकटवलेल्या टेपचे चौकोन उन्हानं कायमचे उठले होते. मागच्या काचेवर 'शुभविवाह'मधला 'वि' अजून शिल्लक होता. मग त्यांनी आत बसून एसीचा पंखा जोरात लावला, तर जाळीतून पिवळ्या अक्षता भसकन त्यांच्या तोंडावर आल्या. चष्म्याच्या काचेवर दोन दाणे चिकटले. ते त्यांनी शांतपणे पुसले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"भाऊसाहेब, दोनच्या वर गेली असती," ते बाहेर येऊन म्हणाले. "पण गाडी भाड्यानं चाललेली आहे. लग्नाची गाडी. एक सत्तर."

भाव तीनावरून एक सत्तरवर आला याचं ह्यांना काहीच वाटलं नाही. ते पेटले ते 'भाडं' या शब्दावर. "भाड्यानं? म्या? अकरा वर्षांत कोणाचा एक रुपया घेतला असन तर सांगा!"

"सगळे असंच म्हणतात हो," गृहस्थ म्हणाले.

"थांबा. तुमाले साक्षीदारच देतो." आणि शोरूमच्या मधोमध उभं राहून ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मी बाही ओढली, पण इज्जतीवर आलेल्या माणसाला बाही कळत नाही.

पहिला फोन दूरच्या एका चुलतभावाला. "भाऊ, तुमच्या पोट्ट्याच्या लग्नात माही गाडी होती. म्या पैसे घेतले होते काय? खरं सांगा, सगळे आयकून राह्यले."

"पैसे? नाई बाप्पा," तिकडून आवाज आला. "पण एसी बंद होता तुमचा. नवरदेव घामानं निथळला होता."

टकल्या गृहस्थांनी वही उघडली.

दुसरा फोन वरवटच्या एका शेतकऱ्याला. त्याच्या दोन्ही मुलांची लग्नं आमच्या गाडीनं लागली होती. "कोणती गाडी?" तो म्हणाला. "आमच्याकडे तं काळी गाडी होती ना? व्हिडिओत पाहून सांगतो." ह्यांचे कान लाल झाले.

तिसरा माणूस मात्र खरा निघाला. "कायचे पैसे हो भाऊ! देवमाणूस आहा तुमी," तो ओरडूनच म्हणाला. ह्यांची छाती फुगली. त्यांनी सगळ्या शोरूमवर एक नजर फिरवली. "अन् मन किती मोठं तुमचं! आमच्या भाच्यानं बाभळीले लावली होती, पुरा दरवाजा आत गेला होता. ठोकून-रंगवून आणून देली, तरी तुमी एका शब्दानं बोल्ले नाई."

"कोणती बाभूळ?" हे म्हणाले.

"म्हणजे तुमाले मालूमच नाई? आमाले तं वाटलं... बरं भाऊ, रेंज जाऊन राह्यली." फोन कटला.

गृहस्थ उठले, मागच्या डाव्या दरवाजावर बोटानं टकटक करून आले. "पुट्टी आहे आत. मले वाटतच होतं," ते म्हणाले. "एक चाळीस. गाडी फुकट चालली, हे मान्य. पण भाड्याच्या गाडीवर निदान मालकाचं ध्यान तरी राह्यते."

इतकं खरं बोलणारा माणूस मला त्या दिवशी दुसरा भेटला नाही. ह्यांचा चेहरा पार उतरला. मला त्यांची दया आली, पण फार नाही, कारण माझे तीस हजार त्यांच्या तीन फोनांत गेले होते. ते खुर्चीत बसून फोनकडे पाहत राहिले, आणि मी फाईल उघडली.

"दरवाजा दुरुस्त कराले किती लागतात?" मी विचारलं.

"बारा हजार."

"मंग बाराच कापा. बाराच्या दरवाजासाठी तुम्ही तीस कापून राह्यले. भाड्याचे कापले ते तं आता परतच कराले लागन. अन् एसीचा गॅस एप्रिलमधे भरला, हे बिल. आत्ता तुमच्या तोंडावर अक्षता आल्या, त्या थंड होत्या का गरम?"

गृहस्थ पहिल्यांदा हसले. टायरांची पावती, दुसरी चावी, दर सर्व्हिसिंगचा शिक्का, एकेक कागद मी टेबलावर ठेवत गेले. शेवटी शेगावची चिठ्ठी ठेवली आणि पिशवी उचलली. उठायचं नाटक नव्हतं, मी खरंच उठले होते. तेव्हा विक्रेता धावत आला. जुनी देऊन नवी घेणाऱ्याला कंपनीकडून वेगळी सूट मिळते, हे त्याला तेव्हा अचानक आठवलं. ती गाडीच्या भावात न मिसळता मी वेगळ्या ओळीत लिहायला लावली. गाडीचे एक पंच्याऐंशी आणि सवलतीचे वीस हजार. जास्तीत जास्त मिळाले असं मी म्हणणार नाही, बाभूळ आडवी आली नसती तर आणखी मिळाले असते. पण माझं काम झालं. मालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि सही केली.

शनिवारी संग्रामपूरपर्यंत नवी गाडी मीच आणली. हे शेजारी बसले होते. सबंध रस्ताभर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला होता. तोंड एकदाच उघडलं, शेगाव ओलांडल्यावर. "त्या बाभळीचं सांगतलं असतं तं म्या काय म्हटलं असतं त्याले?" मी म्हटलं, काहीच म्हटलं नसतं, टाकी भरून दिली असती.

पुढच्या रविवारी, नवी गाडी घेऊन येतो एवढंच आईला फोनवर कळवून, मी एकटी लोणारला गेले. मेहकरच्या स्टँडवरून गाडी नेताना मी मुद्दाम वेग कमी केला. पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहिल्या आणि पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. घरापुढे हॉर्न वाजवला तेव्हा दुपारचं जेवण व्हायचं होतं. आई दारात आली. हात आता बरा होता. तिनं मला पाहिलं, मग वाकून मागच्या सीटवर पाहिलं.

"जवाई कुठं बसले?"

"ते नाही आले. मी एकटीच आली."

"मंग गाडी कोणं आणली?"

"म्याच."

तिनं चष्मा पुसून गाडीभोवती एक चक्कर मारली. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवेल. ती कुंपणाशी गेली आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "पाह्य वं, माह्या जवायानं मले भेटाले गाडी पाठवली!"

"आई, गाडी माही आहे," मी म्हटलं. "माह्या पैशाची. माह्या नावावर."

"हाव," शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "पण घेऊ तं त्यायनंच देली ना?"

खरं सांगते, इतका राग मला अकरा वर्षांत ह्यांचाही आला नव्हता. ह्यांनी घरी बसल्या बसल्या लोणार जिंकलं होतं. आत जवायासाठी पुरणाच्या पोळ्या केलेल्या होत्या. त्या माझ्या ताटात आल्या, तुपासकट, आणि मी रागारागानं चार खाल्ल्या. निघताना म्हटलं, "बरं आहे. पुढच्या टायमाले मी येतच नाही, नुसती गाडीच पाठवते."

"पाठव ना," आई म्हणाली. "पण जवायाले संग पाठव. एवढ्या दुरून गाडी एकटी कशी येईन?"