साकीनाक्याचं लाइव्ह झालंच नाही

माझा नवरा पत्रकार आहे असं सांगितलं की लोक आधी विचारतात, कुठल्या चॅनलवर दिसतो? तो दिसत नाही, दाखवतो. नाव बाळा घाडीगावकर, चाळिशी कधीच उलटली तरी बाळाच. अंधेरी ते कुर्ला या पट्ट्यात गटार तुंबलं तरी पहिला फोन त्याला येतो.

लग्न झालं तेव्हा तो नुसता लिहायचा. संध्याकाळी बातमी दिली की माणूस माझा. मग पेपरनं वेबसाइट काढली, मग यूट्यूब, मग फेसबुकवर लाइव्ह. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आता एकच बातमी चार ताटांत वाढायची. वेबसाइटला लगेच चार ओळी, मोबाइलवाल्यांना उभा व्हिडिओ, लाइव्हला स्वतःचा घसा आणि उरलं तर पेपरला सविस्तर. हे सगळं एका फोनवर. तुझं लग्न माझ्याशी नाही, त्या डबड्याशी झालंय, असं मी त्याला सारखी म्हणते. तो हसतो आणि चार्जर शोधतो.

पण त्याचं लाइव्ह मी चुकवत नाही. बातमीसाठी नाही. हा माणूस कुठेही घुसतो, तेव्हा आवाज ऐकू आला की जिवाला बरं वाटतं.

त्या दुपारी साकीनाक्याला गाळ्यांच्या एका इमारतीला आग लागली. मी मरोळला दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते. खिडकीतून धूर दिसला तशी मी फोन उघडला. बाकी सगळ्यांचं लाइव्ह चालू, आणि बाळाच्या पेपरचं पान कोरडं. असं कधी होत नाही. मी त्याला फोन लावला. उचलला एका बाईनं.

"निलेश? झिला, तू काय रे?"

"मी शुभा. बाळा कुठाय?"

"ठेव गो बाय, ठेव! लायन मोकळी ठेव. माझ्या झिलाचो फोन येतलो हा."

आणि कट. नवऱ्याचा फोन परकी बाई उचलते आणि वर मलाच ठेव म्हणते! पण तिचा आवाज असा होता की राग आला तसाच विरला. डॉक्टरांना सांगून मी रिक्षा पकडली.

सगळे रिपोर्टर पोलिसांच्या दोरीला चिकटून शूटिंग करत होते. बाळा मात्र एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. शेजारी साठीची एक बाई, आणि तिच्या हातात त्याचा फोन.

"विमला काकी," बाळा हळूच म्हणाला. "मागच्या चाळीत राहतात. मुलगा या इमारतीत वर लेथ मशीनवर कामाला आहे."

काकी धूर बघून घरातून तशाच धावल्या होत्या, स्वतःचा फोन घरीच. बाळा लाइव्ह सुरू करणार तेवढ्यात त्यांनी विनवलं, एक फोन लाव रे. रिंग गेली, निलेशनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आता त्यानं फोन बघितलाच तर तो याच नंबरवर उलट करणार. म्हणून बाळानं फोन त्यांच्या हातात दिला आणि बसून राहिला.

"मग माझ्या फोनवर कर ना शूटिंग. काकींजवळ मी बसते," मी म्हटलं.

त्यानं नुसतं खाली बघितलं. काकींनी एका हातात फोन धरला होता आणि दुसऱ्या हातात बाळाच्या शर्टाची बाही. मीही पायरीवर टेकले.

फोन वाजला. आम्ही तिघंही दचकलो. ऑफिसातून संपादक मार्तंड सर होते.

"कोण मार्तंड?" काकी ओरडल्या. "मेल्या, ठेव फोन!"

बाळाचा चेहरा पांढराफटक पडला. ज्यांच्यापुढे तो खोकतसुद्धा नाही, त्यांना मेल्या! मला हसू आलं, आणि तेवढ्यात गर्दीत गलका झाला. अग्निशमनवाल्यांनी दोघांना बाहेर आणलं होतं.

काकी उठल्या नाहीत. "तू बघून ये," त्या बाळाला म्हणाल्या, पण बाही सोडेनात. मग मी गेले. दोघंही पिकल्या केसांचे, खोकत होते. परत येऊन मी सांगितलं, "काकी, त्यात निलेश नाही."

नाही म्हणजे चांगलं की वाईट, हे आम्हाला कोणालाच कळेना. बाळानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दिवसभर बोलण्याचंच खातो हा माणूस, आणि आज नुसता पाठ थोपटत बसला.

पुन्हा रिंग वाजली. काकींनी नंबर ओळखला आणि त्यांचं बोट हलेचना. शेवटी बाळानंच हिरवं बटण दाबून फोन त्यांच्या कानाला लावला.

"आये..." घोगरा, बसलेला आवाज. मलाही ऐकू आला.

धुरानं निलेशचा जीव कोंडला होता. मागच्या गल्लीतून त्याला सगळ्यात आधी काढून दवाखान्यात नेलं होतं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क आत्ता काढला होता.

"खंय होतंस मेल्या? फोन कित्याक उचलूक नाय?" काकी कडाडल्या. मग आवाज फुटला. "जेवलंस?"

बाळानं तोंड फिरवलं. माझ्या नवऱ्यानं आगी बघितल्यात, पूर बघितलेत, मला वाटायचं कातडी जाड झाली असेल. नाही झालेली. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले आणि दोघंही रडलो.

काकींनी पदरानं तोंड पुसलं, अंबाडा सारखा केला.

"तू पेपरवालो मां? आता घे माझो फोटो. मगाशी रडत होतंय, बरो दिसलो नसतो."

आग बऱ्यापैकी विझली होती. दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाळानं फोटो काढला. तो हलला, म्हणून दुसरा काढला. मग दवाखान्यात न्यायला स्कूटर आणून काकींना मागे बसवलं आणि फोन पुन्हा त्यांच्याच हातात दिला.

"तुमच्याकडेच असू दे काकी. पोचेपर्यंत त्याचा परत आला तर?"